कडू मध

डॉक्टर मेलिस म्हणाले, हा तुमचा मधुचंद्र समजा, बोनारिया.
मला हसू आलं.
चव्वेचाळीसावं वर्ष, नुओरोचं इस्पितळ,
मांडीवर गाविनोचं जाकीट
आणि गाविनो खाली अजून गाडी लावायला जागा शोधतोय.

मधुचंद्र म्हणजे, काही पेशी अजून कामावर आहेत.
निवृत्तीला टेकलेल्या कारकुनांसारख्या
इन्सुलिन करतात, थोडं, सवडीनं.
रात्री चार युनिट वरून टोचलं की भागतं.
कधीपर्यंत?
सहा महिने. सहा वर्षं.
त्यांनी दोन्ही हात पसरले,
मासा केवढा होता ते सांगतात तसे.

त्याआधी वर्षभर गोळ्या.
वय बघून वाटलं, सगळ्यांना होते तीच साखर.
मी पाव सोडला, चढण चढले, दुसऱ्या गोळीवर तिसरी घेतली
आणि वाळत गेले.
ईस्टरला घागऱ्याला तीन पिना लागल्या.
मग कुणीतरी वेगळं रक्त तपासलं.
पाचाच्या आत हवा होता तो आकडा दोनशेच्या वर.

दुकानात असुन्ता म्हणाली,
दिवसभर मधात हात, व्हायचंच की.
मला गोड आवडत नाही, असुन्ता.
तुला माहीत आहे.
मी कडू मध काढते,
नोव्हेंबरात डोंगरावर कोर्बेत्सोलो फुलतो त्याचा.
पाहुणे बोट चाटतात आणि तोंड वाकडं करतात,
मग चीजवर घालून आणखी मागतात.

कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणतात ना.
पण मला कुंपणाचा राग येत नाही, हीच पंचाईत.
पेटीच्या दाराशी पहारेकरी माश्या बघते मी रोज.
येणाऱ्या प्रत्येकीचा वास घेतात.
एखाद्या वर्षी काहीतरी बिनसतं,
आपलीच पराग घेऊन आलेली, दमलेली,
तिलाच धरून पायरीवरून खाली ओढतात.
द्वेष नसतो त्यात.
काम चोख करतात, माणूस चुकीचा.

दोन दुबळ्या वसाहती एक करायच्या तर
मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घालायचा.
दोन्हीकडून कुरतडतात.
कागद फाटेपर्यंत वास एकमेकांत मुरतो,
मग कुणी कुणाला मारत नाही.
मी डॉक्टरांना विचारलं,
आत असा कागद घालता येईल का?
त्यांनी चष्मा काढला.
म्हणाले, प्रयत्न चाललेत.
चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

मंगळवारी वरच्या पेट्यांशी होते.
दंडावरचं यंत्र जाड पोशाखाच्या आत किणकिणलं,
माश्यांच्या आवाजात आधी कळलंच नाही.
हातमोज्यात हात थरथरायला लागला तेव्हा कळलं.
अठ्ठावन्न.
ग्लुकोजच्या गोळ्या गाडीत,
गाडी ओढ्यापलीकडे.
जाळी वर केली, चौकटीचा कोपरा मोडला,
मेणासकट तोंडात घातला.
एक माशी ओठाला चावली, तिचं बरोबर होतं.
दगडावर बसून राहिले.
एकसष्ट. सत्तर. त्र्याऐंशी.
एवढा कडू, तरी साखर चढली.
आयुष्यात पहिल्यांदा मी बोटं चाटली.

रात्री गाविनो पेन दिव्यासमोर धरतो.
विचारतो, किती उरलंय?
मी म्हणते, पेनात?
तो काही बोलत नाही, सुई बदलून देतो.

आज जोडपेटी उघडली. सहावा दिवस.
दाराशी कागदाचा भुगा,
राखाडी, ओलसर, माश्या तो बाहेर ओढत होत्या.
मधोमध अजून हातभर कागद शाबूत होता.
मागच्या रविवारचा फुटबॉलचा निकाल,
काल्यारीचे गोल दिसत होते,
समोरच्यांचे कुरतडलेले.
मी झाकण अलगद ठेवलं.